मैदानावरच्या दोन खुर्च्या

बेबी,

तुझी निळी खुर्ची मी प्रवीणला परत केलेली नाही. काल तुझ्या तेरवीचं जेवण उरकल्यावर तो अंगणात सतरंज्यांच्या घड्या घालत होता, तेव्हा त्यानं विचारलं, काकू, आईची खुर्ची तुमच्याकडेच आहे ना, उद्या भंगारवाला येतोय, तिचा एक हात तसाही तुटलेला आहे. मी म्हटलं, आहे, आणि देणार नाही. तुझा मुलगा खरा, पण भांडण्याचा गुण काही त्यानं तुझ्याकडून घेतलेला नाही. सतरंजीची घडी घालता घालता एवढंच म्हणाला, की त्या मैदानानंच आईला खाल्लं.

मी त्याला उत्तर दिलं नाही. तेरवीच्या दिवशी कोणाच्या लेकराशी वाद घालू नये, एवढं मला कळतं. पण उत्तर माझ्यापाशीच राहून गेलंय, म्हणून ते तुलाच देते. मैदानानं तुला खाल्लं नाही. तुझं हृदय कितीतरी वर्षांपासून कुरकुरत होतं. तू गोळ्या मिठाच्या बरणीमागे ठेवायचीस आणि विसरायचीस, आणि आठवण करून दिली की माझ्यावरच खेकसायचीस. तू गेलीस ती भर श्रावणात, आपल्या ओट्यावर, चहाचा कप खाली ठेवून. उन्हानं नाही. तरीही प्रवीणचं बोलणं कालपासून मला टोचतंय. कारण भर मे महिन्यात तू त्या मैदानात जाऊन बसायला लागलीस ते एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य मी लिहिलं होतं.

ही गोष्ट सबंध लेआउटमध्ये फक्त तुला आणि मला ठाऊक होती. आता सगळ्यांना आहे. कशी ते सांगते, पण आधी मला तुझ्याशी थोडं भांडू दे.

तेरा दिवस झाले, सकाळी भिंतीपलीकडून आवाज नाही. आपण प्रताप नगरच्या या टोकाला प्लॉट घेतले तेव्हा इथं रस्तासुद्धा नव्हता. नकाशावर मधोमध हिरवा चौकोन होता, सार्वजनिक उपयोगाची जागा असं त्यावर छापलेलं. प्रत्यक्षात तिथं एक कडुलिंब आणि दगड. घर बांधून राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू भिंतीवरून डोकावून म्हणालीस, "जय भीम, मास्तरीनबाई." मला वाटलं, चिडवतेस. पारशिवनीकडच्या शेतकऱ्याघरची सून, तुझ्या तोंडी ते मी अपेक्षिलं नव्हतं. चार दिवस मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी तू वाटीत पाटवडीचा रस्सा घेऊन थेट दारात आलीस आणि विचारलंस, "काहून वं, उत्तर काहून नाई देत? माह्या तोंडून बरं नाई लागत काय?" मी हसले. तू माझ्या आधी हसलीस. त्यानंतर माझ्या दिवसातला पहिला शब्द कायम तुझाच होता. आता सकाळी मीच भिंतीशी जाऊन उभी राहते, काहीतरी शोधायचंय असं घरच्यांना दाखवत. मला तुझी फार आठवण येते, बेबी. ते असं सरळ लिहिलेलं बरं.

आणि हो, तुझं नाव. मी शाळेतली सवय म्हणून एकदा विचारलं होतं, बेबी हे लाडाचं झालं, कागदोपत्री काय आहे? तू रेशनकार्ड आणून दाखवलंस. त्यावरही बेबीच. नातवंडं झालेली बाई बेबी, म्हणून मी हसायची. गेल्या आठवड्यात मैदानाच्या सुनावणीला तुझं नाव पुकारलं तेव्हा तिथला शिपाईही हसला. त्याला मी हसू दिलं नाही.

त्या चौकोनाचं मैदान कोणी केलं? नकाशानं नाही केलं. दगड वेचले आपण. उन्हाळ्यात खाटा टाकून कुरडया वाळत घातल्या, त्या राखायला तू काठी घेऊन बसायचीस आणि कावळ्यांशी बोलायचीस. बुद्धपौर्णिमेला माझ्या घरची खीर तू कडुलिंबाखाली वाटायचीस. कोणाला कमी, कोणाला जास्त हे तूच ठरवायचीस, आणि माझं घर, माझी खीर असून मला शेवटी खरवड मिळायची. तान्ह्या पोळ्याला सगळ्या लेआउटचे पोट्टे आपापले लाकडाचे बैल ओढत तिथंच यायचे, तोरणाचं एक टोक तुझ्या हातात असायचं. पावसाळ्यात तरोट्याची भाजी कोवळी असताना बायका तिथूनच खुडून न्यायच्या. याला वापर म्हणत नसतील, तर कशाला म्हणतात ते मला अजून समजलेलं नाही.

पण मीच लिहून दिलं होतं, की जागा वापरात नाही.

त्या पावसाळ्यात गाजरगवत कमरेच्या वर गेलं होतं. दोनदा साप निघाला. मी महापालिकेत एकापाठोपाठ एक तीन अर्ज केले. इथं मुलं खेळतात, म्हातारी माणसं फिरतात, तरी कृपया गवत कापून द्यावं. तिन्ही अर्ज खरे, शुद्ध आणि वळणदार अक्षरात. पोच घेतली, आवक शिक्के मारून घेतले. कोणी आलं नाही. मग कार्यालयातल्या एका ओळखीच्या कारकुनानं मला शहाणपण शिकवलं. म्हणाला, मॅडम, खेळतात-फिरतात लिहिलं की कागद देखभालीच्या टेबलावर जातो आणि तिथंच मरतो. जागा पडून आहे, विकास करा असं लिहा, म्हणजे वरच्या टेबलावर जाईल, मग गवतही आपोआप कापलं जाईल. मला ते पटलं. इतकी वर्षं मुलांना खोटं बोलू नये शिकवणारी मी, बसले आणि लिहिलं: सदर जागा कित्येक वर्षांपासून कोणाच्याही वापरात नसून पडीक अवस्थेत आहे, तरी तिचा योग्य विकास करण्यात यावा. वाक्य छान जमलं म्हणून मी स्वतःवर खूशही झाले होते.

तू लेआउटच्या रहिवासी मंडळाची अध्यक्ष होतीस, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. मी कागद घेऊन आले तेव्हा तू पाटवड्या थापत होतीस. मी म्हटलं, वाचून बघ. तू म्हणालीस, "वाचू कायले? तू लिवलं ना? सही कुठी कराची ते सांग." पदराला हात पुसलास, तरी कागदाच्या कोपऱ्यावर बेसनाचं बोट उमटलंच. मी रागावले. नवीन कागदावर पुन्हा लिहून काढावं असंही मनात आलं होतं. आळस केला.

गवत कापायला तेव्हाही कोणी आलं नाही. रविवारी सकाळी तूच सात-आठ बायकांना घेऊन उतरलीस, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. फूल यायच्या आत मुळासकट उपटायचं, नाहीतर पुढच्या साली दुप्पट, हे तू सगळ्यांना दाखवलंस. मला शिंका येतात म्हणून मी छत्री धरून बांधावर उभी होते आणि सूचना देत होते. तू मान वर न करता म्हणालीस, की मास्तरीण शाळेतून निघाली, पण शाळा काही तिच्यातून निघाली नाही. सगळ्या बायका हसल्या.

दोन पावसाळे गेले, आणि यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी कडुलिंबाला खिळा ठोकून कोणीतरी नोटीस लावून गेलं. मैदान दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायचं. खाली दुकानं, वर हॉल, बाजूला पार्किंग. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. मी माहिती अधिकारात फाइलीच्या प्रती काढल्या. पानं उलटत गेले आणि शेवटच्या परिशिष्टाशी थांबले. वर लिहिलं होतं, स्थानिक नागरिकांची मागणी. खाली माझं अक्षर, तुझी सही, आणि कोपऱ्यात तुझ्या बेसनाचं बोट. झेरॉक्समध्ये ते काळं आलं होतं.

त्या संध्याकाळची सभा तुला आठवते? कडुलिंबाखाली सगळा लेआउट जमला होता. अक्षर माझं आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण मी म्हणजे लेखनिक, सांगतील तसं लिहिणारी, असाच सगळ्यांचा समज. असं लिहायला सांगितलं कोणी, एवढाच प्रश्न होता. मी उठायला गुडघ्यावर हात टेकला होता. खरंच टेकला होता, बेबी. तेवढ्यात तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मीच सांगतलं होतं तिले तसं लिवाले. काय बोलाचं हाय ते मले बोला."

आणि मी हात गुडघ्यावरून काढून घेतला.

त्यानंतर कोण काय काय बोललं. बिल्डरशी संधान बांधलं, म्हातारपणी बुद्धी फिरली. कोपऱ्यावरचे कुलभूषण काका तर म्हणाले, की शेतातल्या बाईच्या हाती कागद दिला की असंच व्हायचं. तुझं अध्यक्षपद गेलं. दोन घरांनी तुझ्याशी बोलणं सोडलं. घरी परतताना मी तुला विचारलं, असं का केलंस. तू म्हणालीस, मला तिथं रडू आलं असतं, आणि रडणाऱ्या माणसाला लोक जास्त फाडतात. तुझं कातडं जाड आहे. मी सांगून टाकेन म्हटलं, योग्य वेळी. ती योग्य वेळ मी चार महिने शोधत होते. मला तुझा याबद्दल रागही येतो, हे ऐकून ठेव. तू मला वाचवलंस, पण त्यामुळे तुझ्या जिवंतपणी मला धीट होता आलं नाही.

मग मे महिन्यात पाहणी झाली. कधी झाली, तर दुपारी एक वाजता. पंचनाम्यात लिहिलं, पाहणीच्या वेळी जागेवर कोणीही आढळले नाही. मी ते तुला वाचून दाखवलं तेव्हा तू कांदे चिरत होतीस. सुरी खाली ठेवलीस. "मे महिन्यात दुपारी एक वाजता कोन राहते वं मैदानात?" म्हणालीस. "इथी कुत्रं बी नालीत जाऊन झोपते. त्यायच्या हापिसात तरी एक वाजता टेबलावर कोन राहते, जाऊन पाहा." आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तू निळी खुर्ची घेऊन निघालीस. डोक्याला ओला दुपट्टा, लू लागू नये म्हणून कमरेला कांदा, हातात पाण्याची कळशी. कडुलिंबाच्या सावलीत तीन वाजेपर्यंत बसलीस. रोज. आता येऊन लिहा म्हणावं, की कोणी नव्हतं.

मी तुला वेडी म्हटलं. ते भांडण आपलं कधी मिटलंच नाही. मी म्हणायची, यानं काही होत नाही, लढाई कागदावर होते. मी नकाशे जोडून लांबलचक हरकत लिहिली आहे, ती बघ. तू म्हणायचीस, कागदावर नेहमी तेच जिंकतात, कारण कागद त्यांचे. मी म्हणायची, अगं तू मरशील उन्हात. तू म्हणायचीस, धान रोवताना नाही मेले तर खुर्चीवर बसून मरते काय. आणि त्यातच तू एक दुष्टपणा केलास. तिसऱ्या दिवसापासून दोन खुर्च्या न्यायला लागलीस. माझी पांढरी खुर्ची माझ्याच व्हरांड्यातून उचलून न्यायचीस आणि तुझ्याशेजारी ठेवायचीस. "तुले बसाचं नसन त नको बसू. खुर्ची राहीन."

मी कूलर लावलेल्या खोलीतून, पडदा बोटभर सरकवून, ती रिकामी खुर्ची बघायची. रोज. एकदाही आले नाही. संध्याकाळी पाचला यायची, ऊन उतरल्यावर, आणि दिवसभराचं सगळं सांग म्हणून तुझ्या मागे लागायची.

शेवटचं बोलणं आपलं भिंतीवरूनच झालं. सुनावणीचं पत्र आलं होतं. तू म्हणालीस, "सुनावनीले तूच बोलजो. तुह्याजवळ शब्द हाय." मी म्हटलं, मी लेखी देईन, बोलायला तू आहेस. तू म्हणालीस, बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतलास आणि ओट्यावर टेकलीस, ती टेकलीसच.

पाचव्या दिवशी सुनावणी होती. तुझ्या घरात दिवा जळत होता आणि मी ऑटोनं कार्यालयात गेले. लेआउटचे दहा-बारा लोक मागच्या बाकांवर होते. शिपायानं तुझं नाव पुकारलं, हसला, मी त्याच्याकडे पाहिलं, तो गप्प झाला. टेबलामागच्या साहेबांनी फाइल उघडली आणि पहिलाच कागद वर धरला. बेसनाच्या बोटाचा. म्हणाले, मागणी तुमचीच दिसते, मग आता हरकत कशाची? या बेबीबाई कुठे आहेत?

मी उठले. टेबलापाशी गेले. मी सांगितलं, बेबीबाई गुरुवारी वारल्या. हे वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. त्यांनी ते वाचलंसुद्धा नव्हतं. ते वाक्य खोटं आहे, आणि मी ते जाणूनबुजून लिहिलं होतं. मागे बाकं सरकल्याचा आवाज आला. साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे शासकीय अर्जात तुम्ही खोटं लिहिलंत?"

"हो, साहेब. आणि त्याआधी तीनदा खरं लिहिलं होतं. ते तीन अर्ज या फाइलीत कुठे आहेत?"

त्यांनी पानं उलटली. मग सोबतच्या बाबूंनी उलटली. नव्हते. मी पिशवीतून तिन्ही पोचपावत्या काढल्या, आवक शिक्क्यांसकट, आणि एकेक करून टेबलावर ठेवल्या, जशा शाळेत वह्या परत करायची. म्हटलं, मुलं खेळतात असं तीनदा लिहिलं ते कोणी वाचलं नाही. कोणी वापरत नाही असं एकदा लिहिलं, ते मात्र जपून ठेवलंत. चूक माझी आहेच, त्याची काय शिक्षा असेल ती मला द्या. पण माझ्या चुकीची शिक्षा मैदानाला देऊ नका. माझा आवाज फाटला होता, आणि मला रडूही आलं. तू म्हणाली होतीस तसं कोणी फाडलं मात्र नाही.

साहेबांनी बराच वेळ काही लिहिलं आणि नवीन पाहणी करण्याचा आदेश दिला. पूर्वसूचना न देता, असं मुद्दाम घातलं. म्हणजे जिंकलो नाही, बेबी. हरलोही नाही.

बाहेर पाऊस होता. कुलभूषण काकांनी त्यांची छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत ऑटोपर्यंत आले. म्हणाले, मी बेबीबाईंना फार वाईट बोललो. मी म्हटलं, ते मला नका सांगू. काल तुझ्या तेरवीला ते सकाळपासून होते. पंगतीत पाणी वाढत होते. प्रत्येकाला. मी पाणी घेतलं, पण अजून त्यांच्याशी पूर्ववत बोलले नाही. तू एव्हाना बोलायला लागली असतीस.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी बाराला निघते. दोन्ही खुर्च्या घेऊन. पांढरी माझी, निळी तुझी. तिचा हात तू तारेनं बांधला होतास, ती तार गंजली आहे, पण धरते. पावसाची भुरभुर असते, ऊन नसतं, तरी मी कमरेला कांदा लावते, नाहीतर तू कुठूनतरी ओरडशील असं वाटतं. पहिल्या दिवशी मला फार लाज वाटली. समोरच्या खिडक्यांचे पडदे बोटभर सरकलेले मला दिसत होते, आणि त्यामागे कोण कसं उभं असतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तिसऱ्या दिवशी दोघी जणी तरोटा खुडायला आल्या आणि निवडायला माझ्यापाशी टेकल्या. कोणीतरी सुचवलं, साहेब आले की फोनवर निरोप फिरवू, सगळे धावत येऊ, गर्दी दाखवू. बाहेरगावी असलेल्यांच्या सह्याही आधीच घेऊन ठेवू. मी म्हटलं, नाही. एकदा खोटं लिहून बघितलंय. आता जेवढे असू तेवढेच दिसू.

आणि आज ते आले. सव्वा वाजता, रिमझिम पावसात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, फाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पिकल्या केसांचे ज्युनियर इंजिनिअर, निवृत्तीला टेकलेले. अर्थात त्या वेळी मैदानात माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. सगळे जेवायला गेलेले. मी मांडीवर सूप घेऊन तरोटा निवडत होते. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, एकट्याच? मी म्हटलं, एकटीच.

मग त्यांची नजर तुझ्या खुर्चीवर गेली आणि त्यांनी विचारलं, त्या आजी कुठे आहेत? मी सांगितलं. ते म्हणाले, मेमधला तो पंचनामा त्यांनीच केला होता. महिनाअखेरीस पुन्हा मोजणीला आले तेव्हा त्यांना चक्कर आली. तू त्यांना सावलीत बसवलंस, पाणी पाजलंस, तुझ्या कमरेचा कांदा काढून त्यांच्या खिशात घातलास. आणि म्हणालीस म्हणे, "बसा भाऊ. हे खुर्ची मास्तरीनबाईची हाय, पन ते काही येत नाई. तुमी बसा."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. रोज संध्याकाळी मी खोदून खोदून विचारायची, कोण आलं, काय झालं, आणि एवढं मात्र पोटात ठेवलंस. ज्यानं कोणी नव्हतं असं लिहिलं त्यालाच माझ्या खुर्चीत बसवलंस. मी त्यांना विचारलं, मग तेव्हाच का नाही लिहिलं, की एक बाई रोज इथं बसते? ते म्हणाले, तेव्हा मोजणीला आलो होतो, मॅडम, पंचनाम्याला नाही. बेबी, तुझी शपथ, मला हसू आलं. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा.

मी म्हटलं, आता पंचनाम्याला आलात ना, मग बसा. त्यांनी तुझ्या खुर्चीकडे पाहिलं, संकोचले. मी पदरानं ती पुसून दिली. ते बसले. गुडघ्यावर फाइल ठेवून लिहायला लागले, मी वरून छत्री धरली. लिहिताना मोठ्यानं म्हणत होते: पाहणीच्या वेळी जागेवर एक ज्येष्ठ महिला भाजी निवडत बसलेल्या आढळल्या.

"एक नाही," मी म्हटलं. "दोघं जण बसलेले लिहा."

"दुसरं कोण?"

"तुम्ही. बसलात ना?"

ते म्हणाले, पाहणी करणाऱ्याला पाहणीत धरत नाहीत. मी म्हटलं, मग खुर्च्या तरी धरा, त्या दोन आहेत. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं, जागेवर बसण्यासाठी दोन खुर्च्या ठेवलेल्या आढळल्या. तरोटा उगवलेला लिहिला, मुलांनी आखलेली क्रिकेटची रेघ लिहिली, खाटांच्या पायांचे खड्डेही मी दाखवले आणि त्यांनी लिहिले. जे होतं तेवढंच लिहिलं, एक अक्षर जास्त नाही.

निर्णय अजून व्हायचा आहे. कदाचित आपल्या विरुद्धही जाईल, मी काही लहान नाही. गेला तर वर अपील करू, आणि तोवर दुपारी बाराला मी इथं आहे. पुढच्या आठवड्यात तान्हा पोळा आहे. नोटीस ठोकलेला तो खिळा परवा कोणी उपटायला निघालं होतं, मी उपटू दिला नाही. तोरणाचं तुझ्या हातातलं टोक यंदा त्याच खिळ्याला बांधणार आहे. प्रवीणला म्हटलंय, मुलांना घेऊन थांब तोपर्यंत. हो म्हणाला नाही, पण परतीचं तिकीट पुढे ढकललंय असं ऐकते.

शेवटी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवून दाखवलं, इथं सही करा. मी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, पावसाचे थेंब पडत होते तरी सावकाश वाचलं, दोन ठिकाणी परत मागे जाऊन वाचलं. मग सही केली. निवडलेल्या तरोट्यानं माझी बोटं हिरवी झाली होती, त्यातलं एक कागदाच्या कोपऱ्यावर उमटलं. ते म्हणाले, मॅडम, डाग पडला, पुसून घ्या. मी म्हटलं, राहू द्या.